सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या

महागाव तालुक्यात कुठे कार्यक्रम असला की पूनमसिंग राठोड गुरुजींना बोलावणं ठरलेलं. शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाची एकसष्टी, कुणाचा निरोप समारंभ, दुकानाचं उद्घाटन. आणि मोक्षधामावर तर हमखास. चिता पेटली की लोक लिंबाच्या सावलीकडे सरकायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "गुरुजी, दोन शब्द." गुरुजी घसा साफ करून दोन शब्दांची वीस मिनिटं करायचे. मेलेल्या माणसाशी ओळख असो वा नसो, त्यांच्या बोलण्यात खंड पडायचा नाही. "एक तेजोमय जीवनज्योत अनंतात विलीन झाली," असं म्हणून ते थांबले की मागे उभ्या असलेल्या माणसांनाही आपल्यातलं कुणीतरी मोठं गेलं असं वाटायचं.

गुरुजी बंजारा तांड्यातले. पण त्यांचं बोलणं ऐकून ते कुणाला कळायचं नाही, आणि गुरुजींना त्याचाच मोठा अभिमान होता.

त्याला कारणही होतं. नऊ वर्षांचे असताना त्यांना आश्रमशाळेत घातलं. पहिल्याच दिवशी मास्तरांनी उभं करून नाव विचारलं. पोराने घरच्या गोरबोलीत सांगितलं, "मार नाम पूनम छ." गोरबोलीत 'मार' म्हणजे 'माझं'. वर्गाला ते कुठून ठाऊक? मागून एक जण ओरडला, "कोणाले मार? पूनमले मार!" सगळा वर्ग हसला, मास्तरही हसले. पुढचं वर्षभर येताजाता पोरं पाठीत धपाटा घालून म्हणायची, "मार नाम पूनम." त्या वर्षात पूनम जवळजवळ मुकाच राहिला. नंतर बोलू लागला तो थेट पुस्तकातलं. वर्तमानपत्रातले भारी भारी शब्द तो वहीत उतरवून घ्यायचा आणि विहिरीवर एकटाच मोठमोठ्याने म्हणायचा. सातवीत वक्तृत्व स्पर्धेत पहिला आला. मग कप, ढाली, प्रमाणपत्रं येतच राहिली. जिल्हा परिषदेत शिक्षक झाले, लग्न झालं, महागावात प्लॉट घेऊन घर बांधलं. बायको सुखीबाई घरात गोरबोलीच बोलायची. गुरुजी उत्तर मराठीत द्यायचे. दोन्ही पोरं पुण्याला गेली, ती तर फोनवरही मराठीच.

गुरुजी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. पाऊस वेळेवर आला होता आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी माजली होती की उभा माणूस आत शिरला तर वरून दिसू नये. किडीही तशाच पडल्या. जिकडे पाहावं तिकडे पाठीवर पंप घेतलेली माणसं. आजूबाजूच्या तालुक्यांतून फवारा मारणारे मजूर दवाखान्यात भरती झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कवठाळ तांड्याचे सरपंच बाबुलाल एक दिवस मोटारसायकलवर गुरुजींच्या दारात आले. हातात छापील कागद होता.

"गुरुजी, तांड्यात सभा घ्याची आहे. फवारणी करताना काय काय काळजी घ्याची ते ह्या कागदावर लिवलं आहे. मले काई असं बोलता येत नाई. तुमीच बोला."

कवठाळ तांडा म्हणजे गुरुजींच्या थोरल्या बहिणीचं, भुरीबाईचं सासर. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा बबलू, अठ्ठावीस वर्षांचा. स्वतःचं दीड एकर सांभाळून तो दुसऱ्यांच्या वावरात फवारणीला जायचा. गुरुजींनी कागद घेतला आणि लगेच हो म्हटलं.

त्यांनी दोन दिवस तयारी केली. कागदावरचा मजकूर त्यांना कोरडा वाटला, म्हणून त्यांनी तो सजवला. शनिवारी सकाळी सेवालाल महाराजांच्या मंदिरासमोर सतरंज्या टाकल्या होत्या. साठ-सत्तर माणसं जमली. पुढच्या रांगेत बबलू बसला होता, मोबाइल वर धरून मामाचे फोटो काढत होता.

"कृषिसंस्कृतीच्या या पावन भूमीत आपल्या घामाचे सिंचन करणाऱ्या माझ्या श्रमदेवतांनो," गुरुजींनी सुरुवात केली. मग काळी माय आली, निसर्गाचं चक्र आलं, मानवाची हाव आली. पंचविसाव्या मिनिटाला मुद्दा आला. "औषधांची फवारणी करतेसमयी संरक्षक पोशाख परिधान करावा. वाऱ्याच्या प्रतिकूल दिशेने फवारणी कटाक्षाने टाळावी. विषबाधेची प्राथमिक लक्षणे दृग्गोचर होताच तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावे. कारण, बंधूंनो, जीवन हे अनमोल आहे!" शेवटचं वाक्य त्यांनी आवाज चढवून, हात वर करून म्हटलं. त्याबरोबर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबुलालने नारळ आणि शाल दिली. भुरीबाईने भावाच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

त्यानंतर अकराव्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. ती नीट बोलत नव्हती. बबलूला दिसत नाही म्हणे, तोंडातून लाळ गळते म्हणे. गुरुजी रिक्षा करून तांड्यात पोचले तेव्हा बबलू बाजेवर आडवा होता आणि त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मामाला त्याने आवाजावरून ओळखलं. महागावच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच यवतमाळला न्यायला सांगितलं.

यवतमाळच्या दवाखान्यात गुरुजी आणि भुरीबाई चार दिवस होती, वॉर्डाबाहेरच्या फरशीवर. दुसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई फाइल घेऊन आल्या. भुरीबाईला मराठी बोलता यायचं, पण घाबरली की शब्द सुचायचे नाहीत. म्हणून गुरुजी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होते.

"फवारणी किती दिवस चालली होती?"

"दोन दिवस, लागोपाठ."

"पहिल्या दिवशी काही त्रास झाला होता?"

गुरुजींनी बहिणीला विचारलं. ती सांगत गेली. पहिल्या दिवशी तो तीन वाजताच घरी आला होता. डोकं ठणकतं म्हणाला. वारा तोंडावर होता, अंग सगळं भिजलं होतं. तिने लिंबाचं पाणी दिलं. तो झोपला. सकाळी तोच शर्ट वाळलेला होता, तोच घालून परत गेला.

"तोच शर्ट?" डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "आंघोळ?"

"नाही केली."

"अहो, तुमच्याकडे कुणी कधी सांगितलं नाही का, की असं करायचं नसतं?"

गुरुजींनी हा प्रश्न बहिणीला सांगितला नाही. पण तो तिला कळला होता. ती डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाली, "सांगतलं ना बाई. ह्यानंच सांगतलं. माह्या भावानं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, आपल्या माणसाची ओळख करून द्यावी तसं ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी गुरुजींकडे पाहिलं आणि त्या फाइल मिटून वॉर्डात गेल्या.

गुरुजींनी खालच्या आवाजात विचारलं, "भुरी, त्या दिवशी बबलूने माझं बोलणं ऐकलं होतं ना गं?"

"ऐकलं ना. पुढंच तं बसला होता." ती भिंतीला टेकून गोरबोलीत बोलू लागली, दमलेल्या, सपाट आवाजात. "घरी आला अन् म्हणे, याडी, मामा लय भारी बोलला. मी म्हटलं, काय बोलला रे? तं म्हणे, समजलं काई नाई, पण सगळ्यायनं टाया वाजवल्या."

त्यात भावाला काही लागेल असं तिला वाटलंच नव्हतं. पोराची एक आठवण सांगावी तशी तिने ती सांगितली आणि पदराने तोंड पुसलं.

चौथ्या दिवशी सकाळी बबलू गेला.

तांड्याच्या बाहेर नाल्याकाठी त्याचं दहन झालं. सगळं आटोपल्यावर बाबुलाल नेहमीच्या सवयीने हळूच म्हणाले, "गुरुजी, दोन शब्द." गुरुजी उभे राहिले. चाळीस वर्षांची सगळी वाक्यं ओठांवर येऊन ठेपली होती. तेजोमय जीवनज्योत होती, अकाली कोमेजलेलं फूल होतं, नियतीचा घाला होता. एकेक वाक्य ते मनात उचलत होते आणि ते हातातच फुटत होतं. माणसं वाट पाहत होती. शेवटी गुरुजींनी हात जोडले आणि ते खाली बसले. मामाला दुःख आवरलं नाही, असं लोक समजले. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

तेरवी झाल्यावर एका सकाळी त्यांनी कपाटातून तो छापील कागद काढला. सुखीबाई ओट्याशी भाजी निवडत होती. गुरुजींनी एक वाक्य वाचलं, सभेत म्हटलं होतं तसंच, आणि विचारलं, "तुला काय समजलं?"

"मले?" सुखीबाईने हातातली मेथी खाली ठेवली. "काईच नाई."

"काहीच नाही?"

"वारा आला त्याच्यात कुठीसा. बाकी काई नाई."

"सुखे, पस्तीस वर्षं तू माझी भाषणं ऐकतेस. पुढच्या खुर्चीवर बसून ऐकतेस. कधी म्हणाली नाहीस."

"तुमी कधी इचारलं?" ती म्हणाली. मग थोडं थांबून, जरा ओशाळून म्हणाली, "तुमचा आवाज गोड लागते. मी आवाजच ऐकत राहो."

गुरुजी पाट ओढून तिच्यासमोर बसले. दोघं मिळून तो कागद एकेक वाक्य करून सोलू लागले. 'परिधान' काढलं. 'दृग्गोचर' काढलं. 'प्रतिकूल'वर बराच वेळ गेला. गोरबोलीत सांगायचं तर वाऱ्याला काय म्हणतात, हेच गुरुजींना आठवेना. त्यांनी दोनदा कपाळावर मूठ मारली. लहानपणी त्याच वाऱ्यात गुरं चारलेला माणूस. सुखीबाईने शब्द सांगितला तेव्हा त्यांनी तो मान खाली घालून, विद्यार्थ्यासारखा म्हणून पाहिला.

'औषध' या शब्दावर तिनेच बोट ठेवलं. "औषध म्हटल्यावर कोन भेईन जी? औषधानं तं माणूस बरा होते."

एवढी साधी गोष्ट. भाषणात गुरुजींनी तो शब्द किमान वीसदा उच्चारला होता.

शेवटी कागदावर पाचच वाक्यं उरली. हे औषध नाही, जहर आहे. वारा पाठीकडून घ्या, तोंडावर घेऊ नका. अंग भिजलं की तिथंच थांबा, आंघोळ करा, तो कपडा धुतल्याशिवाय घालू नका. डोकं दुखलं, उलटी आली, अंधुक दिसलं तर झोपू नका, दवाखान्यात जा. जाताना जहराचा डबा सोबत न्या. गुरुजींनी घड्याळ लावून म्हणून पाहिलं. एक मिनिटही लागलं नाही.

कवठाळ तांड्यात जाऊन ते बोलण्याची हिंमत त्यांना झाली नाही. ते दुसऱ्या तांड्यांवर जाऊ लागले. बोलावणं नसताना, आपल्या पैशाने, मिळेल त्या काळीपिवळी जीपमध्ये बसून. सकाळी माणसं पंप घेऊन निघायच्या वेळी पारावर गाठायची, हा त्यांचा नेम झाला. आधी आधी त्यांच्या गोरबोलीला लोक हसले. ती गंजली होती, मध्येच मराठी वळण घ्यायची. एका म्हातारीने तर तोंडावर विचारलं, "कोण गावचा रे तू?" गुरुजींना आश्रमशाळेतला वर्ग दिसला. पण ते बोलत राहिले. एकेक वाक्य दोनदा म्हणायचे आणि मग समोरच्या एखाद्याकडून ते वदवून घ्यायचे.

महागावच्या एका कृषी केंद्राचे मालक विठ्ठलराव त्यांचे जुने स्नेही. त्यांनी बाजारात गुरुजींना अडवलं. "गुरुजी, काहून जहर जहर करून राह्यले गावोगाव? लोक भेऊन राह्यले ना."

"भ्यावं म्हणूनच म्हणतो, विठ्ठलराव."

"अन् पीक? त्यायचं पीक कोण वाचवन? तुमी?"

विठ्ठलराव काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती, म्हणून गुरुजी पुढे निघाले.

इकडे समारंभांची बोलावणीही कमी होऊ लागली. एका शाळेत निरोप समारंभाला गुरुजी गेले आणि सरळ म्हणाले, "ह्या मास्तरांनी तीस वर्षं पोरांना मारलं नाही. मला हे जमलं नव्हतं. ह्यांचं चांगलं व्हावं." आणि बसले. निरोप घेणाऱ्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण अध्यक्षांचा चेहरा पडला. चहाच्या वेळी कुणीतरी कुजबुजलं, गुरुजी भाचा गेल्यापासून खचले. पुढच्या वर्षी त्या शाळेने उमरखेडहून एक तरुण निवेदक आणला. गुरुजींना त्याचं वाईट वाटलंच नाही असं नाही. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून बसायची त्यांची सवय लवकर सुटली नाही. दाराशी मोटारसायकल थांबली की ते अजूनही अर्धे उठायचे.

आणि एवढं करून काय झालं? ते सांगता येत नाही, हेच त्यांना खात होतं. ज्या तांड्यावर त्यांनी पाच वाक्यं सांगितली होती, तिथलेच दोघे जण पहिल्याच हंगामात, ते येऊन गेल्यावर आठवड्याने भरती झाले. एक जण परत आला. दुसरा आला नाही. गुरुजी त्याच्या घरी बसायला गेले तेव्हा त्याच्या बापाने त्यांना ओळखलं. म्हणाला, "त्यानं ऐकलं होतं तुमचं. घरी सांगतलंही होतं आमाले." यावर गुरुजींनी मान हलवली. बबलूला समजलं नव्हतं. याला समजलं होतं. मग?

त्या 'मग'चं उत्तर त्यांना दारव्ह्याकडच्या एका तांड्यावर मिळालं, तेही प्रश्नाच्याच रूपात. सकाळचे आठ वाजले असतील. पंधरा-वीस माणसं पंप खाली ठेवून उभी होती, पाणी वाहणाऱ्या बायका घागरी घेऊन बाजूला. गुरुजी तिसऱ्या वाक्यावर आले होते. अंग भिजलं की तिथंच थांबा. तेवढ्यात एक बाई मधेच म्हणाली, "थांबा जी."

तिचं नाव मोतीबाई. नवरा फवारा मारायचा, ती बादलीत पाणी आणि जहर कालवून द्यायची. आजवर गुरुजींना भाषणात कुणी असं मधे अडवलं नव्हतं.

"तुमी म्हणता थांबा. आमी थांबलो, का मालक म्हणते, उद्यापासून येऊ नको. दुसरा गडी येते. तो भिजते. मग आमी काय कराव?"

सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. ते थट्टेचं पाहणं नव्हतं. या माणसाला माहीत असेल, असं खरंच वाटल्यासारखं ते पाहत होते. गुरुजींनी तोंड उघडलं. पूर्वीचे गुरुजी असते तर श्रमाची प्रतिष्ठा आली असती, संघटनेची शक्ती आली असती, आणि मोतीबाई तिच्या घागरीसकट मागेच उभी राहिली असती.

"मले नाई मालूम, बाई," गुरुजी म्हणाले.

"हं," मोतीबाई म्हणाली. तिने घागर कमरेवर घेतली. माणसांनी पंप पाठीवर चढवले. कुणी रागावलं नाही. एकाने तर गुरुजींना राम राम केला.

कोणत्या मालकाचं वावर ते विचारून गुरुजी त्याच्या घरी गेले. मालकाने बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे गुरुजी, एकदम बरोबर," तो म्हणाला. "मी सांगतो गड्यायले." मग आभाळाकडे पाहून म्हणाला, "पण दोन दिवसांत पाणी येते म्हणते. त्याच्या आत मारनं तं भाग आहे."

दहाच्या काळीपिवळीने गुरुजी परत निघाले. दोन मैलांवर रस्त्याच्या कडेलाच ते वावर लागलं. पऱ्हाटीत माणसं दिसत नव्हती. फक्त पांढुरकं धुकं वर उठत होतं आणि पंपांचा घरघर आवाज येत होता. वारा पश्चिमेचा होता, आणि धुकं माणसं चालत होती तिकडून उलटं त्यांच्याच अंगावर येत होतं.

"थांबव," गुरुजी ड्रायव्हरला म्हणाले.

"इथं? इथं कायले, गुरुजी?"

ते उतरले. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहून त्यांनी हाक मारली. माइकशिवाय त्यांचा आवाज त्या घरघरीत पार बुडाला. त्यांनी परत हाक मारली, मग आणखी एकदा, खोकला येईपर्यंत. चौथ्या हाकेला एक पंप बंद झाला. पऱ्हाटीतून एक माणूस बाहेर आला, तोंडावर बांधलेला रुमाल ओला, शर्ट पाठीला चिकटलेला. मोतीबाईचा नवरा तोच की दुसरा, गुरुजींना ओळखू आलं नाही.

"काय म्हणून राह्यले?"

"वारा तोंडावर येऊन राह्यला, भाऊ. त्या बाजूनं धर. अन् पाह्य, तू भिजला."

माणसाने स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. मग मागे, उरलेल्या वावराकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "एवढी ओळ झाली का थांबतो."

त्याने रुमाल वर ओढला आणि तो आत शिरला. पंप पुन्हा सुरू झाला. काळीपिवळीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. ती ओळ लांब होती, पार नाल्यापर्यंत गेलेली. गुरुजी धुऱ्यावरच्या दगडावर बसले आणि ती संपायची वाट पाहू लागले.